झोपलेल्या झाडाला पाणी पाजू नका

बसा सगळे. वह्या मिटा. लिहून घ्यायचं ते शेवटी सांगेन, आधी कान उघडे ठेवून ऐका.

दर एप्रिलला हा वर्ग माझ्यापुढे अशाच कुंड्या आणून मांडतो. आज टेबलावर सात कढीपत्ते आहेत, दोन मोगरे, एक जास्वंद आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणलेले कर्दळीचे गड्डे. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: "बाई, थंडीने गेलं हो."

थंडीने गेलं? न्यू जर्सीत थंडी पडते हे तुम्हाला यंदा कळलं का? दहा-दहा, वीस-वीस वर्षं राहताय इथे. पोरांचे जाड कोट सप्टेंबरातच वर काढता. बर्फ उपसायचं फावडं आणि मिठाची पोती पहिल्या बर्फाआधी गॅरेजच्या दाराशी हजर असतात. मग झाडाच्याच बाबतीत थंडी अचानक कशी येते? या टेबलावर थंडीने मेलेलं झाड एकच आहे, ती जास्वंद. तिचाही दोष मी थंडीला देऊ देणार नाही. बाकीची घराच्या उबेत, तुमच्या डोळ्यांदेखत, तुमच्याच हातून गेली आहेत. आणि काही तर मेलेलीच नाहीत, तरी तुम्ही त्यांना मेलेली ठरवून आणलंत. ते त्याहून वाईट.

हा कोपऱ्यातला कढीपत्ता घ्या. कुंडी उलटी करते, पुढे या, लांबून बघू नका. मातीचा गोळा मुठीत दाबला तर पाणी निथळतंय. नाकाशी धरा. तुंबलेल्या मोरीचा वास येतोय. आता हे मूळ चिमटीत धरून ओढते. बघा, साल निसटून बोटांत आली आणि आत दोऱ्यासारखी शीर तेवढी उरली. निरोगी मूळ टणक असतं, असं सोलून येत नाही. हे कुजलेलं आहे. मी विचारलं, पाणी किती घालत होता? उत्तर आलं, "रोज सकाळी एक तांब्या, बाई. पानं गळायला लागली म्हणून दोन केले."

इथेच चुकतं, आणि दरवर्षी इथेच चुकतं. पान गळलं म्हणजे झाड पाणी मागतंय, हे तुम्हाला कोणी शिकवलं? पाणी वर खेचलं जातं ते पानांमुळे. पानांतून वाफ बाहेर पडते, तिच्या ओढीने मुळांतून पाणी चढतं. पानं गेली की ती ओढ संपली. मग तुम्ही ओतलेलं पाणी कुंडीतच साचून राहतं, मातीतल्या हवेची जागा घेतं, आणि मुळं गुदमरतात. मुळांनाही श्वास लागतो. थंडी आणि अपुऱ्या उजेडात कढीपत्ता पानं गाळून विश्रांती घेतो. तो झोपला होता. झोपलेल्याच्या तोंडात तुम्ही रोज दोन तांबे ओतलेत. अति तिथे माती, ही म्हण इथे अक्षरशः खरी झाली.

आता हा दुसरा. एकही पान नाही, वाळकी काठी दिसते. म्हणून तो 'गेला'. येत्या मंगळवारी कचऱ्याच्या गाडीत टाकणार होतात, असं तुम्हीच आल्या आल्या सांगितलंत. माझं नख बघा. खोडाच्या बुंध्याशी हलकेच ओरखडा काढते, नुसती वरची साल. खाली काय दिसतं? हिरवं. ओलसर, पोपटी हिरवं. हे झाड जिवंत आहे. तुम्ही येण्याआधी मी सातही तपासले. चार कुजलेत, तीन जिवंत आहेत. झाड मेलं की झोपलं हे नखाच्या एका ओरखड्याने कळतं, त्याला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. मागच्या वर्षी याच वर्गातल्या किती जणांनी जिवंत झाडं कचऱ्यात घातली असतील, याचा विचार घरी जाऊन करा.

आता जास्वंदीकडे या. ती दिवाळीपर्यंत डेकवर होती. का? तर फराळाची गडबड होती. बरं, आकाशकंदील लावायला त्याच डेकवर गेलात ना? तेव्हा ती दिसली नाही? नीट समजून घ्या. उष्ण प्रदेशातल्या झाडाला इजा व्हायला बर्फ पडावा लागत नाही. पारा ५० फॅरनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सिअसच्या खाली रेंगाळू लागला की त्याच्या पेशींच्या पडद्यातली स्निग्ध द्रव्यं घट्ट होऊ लागतात, थंडीत बाटलीतलं खोबरेल तेल थिजतं तशी. पडदा ताठरला की पेशीतला रस पाझरू लागतो. पान पिवळं पडतं, डाग पडतात, वाढ थांबते. ही पहिली इजा. दुसरी होते फ्रॉस्टच्या रात्री. पेशींच्या मधल्या पोकळीत बर्फाचे कण धरतात आणि पेशीतलं पाणी बाहेर खेचून घेतात. सकाळी ऊन आलं की ते पान शिजवलेल्या पालेभाजीसारखं काळं होऊन लोंबतं. तुम्हाला फक्त ही दुसरी इजा दिसते. पहिली तीन-चार आठवडे आधीच सुरू झालेली असते.

मध्य न्यू जर्सीत पहिला फ्रॉस्ट साधारणपणे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पडतो, पण रात्रीचा पारा सप्टेंबर सरतानाच पन्नाशीला टेकू लागतो. म्हणून सांगते, गणपती उठले की कुंड्या आत घ्यायच्या तयारीला लागायचं. दिवाळीची वाट बघायची नाही. तुळशीच्या लग्नाची तर मुळीच नाही. कार्तिकात अंगणात काळवंडलेली तुळस पुढे ठेवून मंगलाष्टकं म्हणताना मी लोकांना पाहिलंय. मला त्याचं फार वाईट वाटतं. तुळस आत आणा, खिडकीशी ठेवा, लग्न तिथे लावा.

आणि तो झोनचा नकाशा मला दाखवू नका. "आमचा झोन सात आहे, बाई." असेल. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०२३ मध्ये सुधारून काढलेला तो नकाशा वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीची तीस वर्षांची सरासरी सांगतो. सरासरी म्हणजे हमी नव्हे. शिवाय तो जमिनीत लावलेल्या झाडासाठी आहे. जमिनीतल्या मुळांना भोवतालच्या मातीची ऊब मिळते, कुंडीतल्या मुळांना चारी बाजूंनी थंड हवा झोंबते. नकाशा भिंतीवर लावा आणि कुंडीशेजारी थर्मामीटर ठेवा, रात्रीचा नीचांक नोंदवून ठेवणारा. या वर्गातल्या किती जणांकडे तो आहे? दोन हात. दोन!

निफाडला पारा पाच अंश सेल्सिअसखाली उतरतो तेव्हा द्राक्ष बागायतदार काय करतो, ठाऊक आहे? रात्री उठून बागेत शेकोट्या पेटवतो, पहाटे पाणी सोडतो. जळगावचा शेतकरी थंडीत केळीची वाढ थांबते म्हणून बांधावर धूर करतो. तेसुद्धा उष्ण प्रदेशातले, त्यांच्याकडे तर बर्फही पडत नाही. त्यांना पारा माहीत असतो, कारण त्यांच्या घरची चूल त्यावर अवलंबून असते. तुमची चूल झाडावर अवलंबून नाही, म्हणून तुम्ही थर्मामीटर घेतला नाही. एवढंच कारण आहे, दुसरं काही सांगू नका.

आता उपाय. दरवर्षी सांगते, यंदा डोक्यात ठेवा. हिवाळ्यात झाडांच्या तीन जाती असतात: झोपणारी, पेंगणारी आणि जागी राहणारी. कुठलं झाड कुठल्या जातीचं, हे कळलं की निम्मं काम झालं. तुम्ही सगळ्यांना एकाच खिडकीत, एकाच तांब्याने पोसता, तिथेच घोळ होतो.

झोपणारी म्हणजे कर्दळ, हळद, आलं, अळू, निशिगंध, डेलिया. यांचा जीव जमिनीखालच्या गड्ड्यात किंवा कंदात असतो, वरचं अंग जायचंच. कर्दळीची पानं पहिल्या फ्रॉस्टने काळी पडू द्या, मग चार-सहा इंच खोड ठेवून कापा, गड्डे उकरा, दोन-तीन दिवस सावलीत वाळवा आणि किंचित ओलसर भुशात, हवा खेळणाऱ्या खोक्यात ठेवा. जागा थंड हवी, ४० ते ५० फॅरनहाइटची, पण गोठणारी नको. महिन्यातून एकदा खोकं उघडून बघा. मऊ पडलेला गड्डा काढून टाका, सुरकुतलेल्यावर पाण्याचा हबका मारा. ही पिशवी बघा. तोंड घट्ट बांधलेलं, आत बुरशी आणि चिखल. गड्डासुद्धा श्वास घेतो, आपणच सोडलेल्या वाफेत तो कुजला. हळदीला याहूनही सोपं. पानं पिवळी पडू लागली की पाणी बंद करा. कुंडी तशीच तळघरात नेऊन ठेवा, मार्चपर्यंत थेंबही घालू नका. अळू मात्र कर्दळीपेक्षा नाजूक, त्याला पन्नासच्या आसपास ठेवा.

केळही यातच धरा. कुंडीतली केळ असेल तर पानं कापून बुंधा तळघरात ठेवा, पाणी जवळजवळ नाही. जमिनीत लावायची असेल तर जपानी केळ म्हणून मिळते ती लावा. तिचा बुंधा गेला तरी जाड आच्छादनाखाली कंद इथला हिवाळा काढतो. कोंबड्यांच्या जाळीचं कडं करून त्यात सुकी पानं दाबून भरा. पण तिची केळी खायला मिळतील या आशेवर राहू नका. फळ बियांनी भरलेलं असतं, खाण्याजोगं नाही. पानावर जेवायची हौस असेल तर ती पुरी होईल.

पेंगणारा म्हणजे कढीपत्ता. त्याला थंडशी, उजेडाची जागा द्या, साधारण पन्नास ते साठ फॅरनहाइट. पानं गाळील, गाळू द्या. पाणी घालायच्या आधी कुंडी उचलून बघा. जड असेल तर हात मागे घ्या. हलकी लागली आणि दोन बोटं माती कोरडी असली तरच थोडं घाला, आणि बशीत साचलेलं पाणी ओतून द्या. डिसेंबर-जानेवारीत पाणी तीन-तीन आठवडे लागत नाही. खत तर मार्चपर्यंत नाहीच. थोडी फुंकर घालून बघू म्हणून खत घालणं म्हणजे झोपेतल्या माणसाला पुरणपोळी भरवणं.

जागी राहणारी म्हणजे जास्वंद, मोगरा, तुळस. यांना पानं टिकवायची असतात, म्हणून यांना ऊबही हवी आणि उजेडही. उजेडाचा हिशेब तुम्ही कधी केलेला नाही. आपण चाळीस अक्षांशावर आहोत. डिसेंबरात इथला दिवस सव्वानऊ तासांचा, भर दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम साडेसव्वीस अंश. पुण्यात तेव्हा अकरा तासांचा दिवस आणि सूर्य अठ्ठेचाळीस अंशांवर. मग दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, सोफ्यामागे ठेवलेला मोगरा काय खाऊन जगेल? दक्षिणेची खिडकी द्या, काचेला लागून. नसेल तर वर वाढीचे दिवे लावा. दोन्ही जमत नसेल तर झाड आणू नका.

हे दोन मोगरे हीटिंगच्या जाळीवर ठेवले होते. पान उलटं करा. धुळीसारखे बारीक ठिपके, देठाशी कोळिष्टक. लाल कोळी. कोरड्या, गरम हवेत तो भराभर वाढतो. पानं पिवळी पडली तेव्हा तुम्ही पाणी वाढवलंत, पान उलटं करून बघितलं नाहीत. आत आणायच्या आधी प्रत्येक झाड पानांच्या खालच्या बाजूने साबणाच्या पाण्याने धुवा. मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी, सगळं त्याच वेळी निपटतं. मग दोन आठवडे इतर झाडांपासून वेगळं ठेवा.

तुळशीबद्दल एक वेगळी गोष्ट. ती दीर्घायुषी नाही, तिला ओढूनताणून पाच वर्षं जगवायचा हट्ट करू नका. सप्टेंबरात पिकलेल्या मंजिऱ्या कागदाच्या पाकिटात भरून ठेवा, मार्चमध्ये घरात पेरा. बी राखणं हीसुद्धा तुळस राखणंच आहे.

आणि जागी ठेवाल ती झाडं मोजकीच ठेवा. यामागे इतिहास आहे, ऐका. इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थला एका ड्यूकच्या बागेत जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने काचघरात केळ वाढवली, १८३५ मध्ये ती फुलली. ड्यूकच्या घराण्याच्या नावावरून तिला कॅव्हेंडिश म्हणू लागले. जळगावची बसराई त्याच गटातली, तेव्हा ही परक्याची कथा समजू नका. त्याच पॅक्स्टनने तिथे १८३६ ते १८४० या काळात एक प्रचंड काचघर उभारलं. कोळशाच्या भट्ट्या ते तापवत असत. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, भट्ट्या विझल्या, आतली झाडं मेली, आणि १९२० मध्ये काचघरच पाडून टाकलं. ड्यूकच्या पैशाला जे निभावलं नाही ते तुमच्या थर्मोस्टॅटला निभावेल? डिसेंबरात तीन आठवडे भारतात जाता, जाताना थर्मोस्टॅट खाली करता आणि शेजाऱ्याला किल्ली देऊन सांगता, झाडांना रोज पाणी घाल. थंड मुळं आणि रोजचं पाणी. याहून खात्रीचा मृत्यू मला ठाऊक नाही.

"पण बाई, आपली झाडं इथली नाहीतच, त्याला आपण काय करणार?" हे मागून कोण म्हणालं? इटलीहून आलेल्या लोकांचं अंजीर तरी इथलं होतं का? याच न्यू जर्सीत आणि तिकडे ब्रुकलिनमध्ये त्यांनी दर हिवाळ्यात अंजिराच्या फांद्या बांधल्या, गोणपाट गुंडाळलं, वर बादली पालथी घातली. काहींनी तर झाड वाकवून चरात निजवलं आणि वर माती लोटली. वसंतात परत उभं केलं. पिढ्यान्‌पिढ्या केलं. त्यांचं गावाकडचं प्रेम तुमच्यापेक्षा जास्त नव्हतं. त्यांनी त्या प्रेमापायी दरवर्षी कंबर मोडून काम केलं, एवढाच फरक.

शेवटचं, आणि हे मी सर्वांत कडक शब्दांत सांगणार आहे. तुमच्यापैकी काहींनी कढीपत्त्याचं रोप भारतातून बॅगेत लपवून आणलंय. ते बेकायदा आहे. कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्या कुळातला. त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर सिट्रस सायला नावाची कीड अंडी घालते, विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला विचारा ती कोण. तीच कीड फ्लोरिडात १९९८ मध्ये सापडली. तिच्यामुळे पसरणारा ग्रीनिंग रोग तिथे २००५ मध्ये आढळला. त्यानंतरच्या दोन दशकांत तिथलं संत्र्याचं उत्पादन नव्वद टक्क्यांहून अधिक घटलं. माणसांच्या पिढीजात बागा गेल्या. एका फोडणीसाठी दुसऱ्याचं शेत धोक्यात घालायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला नाही. इथल्या परवानाधारक रोपवाटिकेतून रोप घ्या. फ्लोरिडासारख्या राज्यांतून ते मागवतानाही नियम आहेत, ते आधी वाचा.

आता वह्या उघडा आणि लिहा.

सप्टेंबर: गणपती उठले की झाडं धुणे, तपासणे, रात्रीचा पारा ५० फॅरनहाइटला टेकायच्या आत घरात घेणे. ऑक्टोबर अखेर: कर्दळ, डेलिया काढणे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी: कुंडी उचलल्याशिवाय पाणी नाही, खत नाही. मार्च: तुळस पेरणे, पेंगणाऱ्यांना उजेड आणि थोडं पाणी वाढवणे. मे मध्य: रात्री पन्नासच्या वर स्थिरावल्या की झाडं बाहेर, पण पहिले आठ-दहा दिवस सावलीत. सात-आठ महिने काचेआड राहिलेल्या पानाला एकदम ऊन दाखवलंत तर ते भाजून पांढरं पडतं. हेही गेल्या वर्षी तिघांनी केलं.

ज्यांची झाडं कुजली त्यांनी यंदा नवीन झाड विकत घ्यायचं नाही. आधी थर्मामीटर घ्या, एक उन्हाळा आणि एक हिवाळा रोजचा पारा वहीत लिहा, मग झाड घ्या. ज्यांचे तीन कढीपत्ते हिरवे निघाले त्यांनी ते परत घरी न्या. वाळकी टोकं हिरव्यापर्यंत छाटा, उजेडात ठेवा, आणि नवा कोंब दिसेपर्यंत कुंडी हलकी लागल्याशिवाय तांब्याला हात लावू नका. कोंब यायला महिना लागेल, दोन लागतील. तेवढा धीर धरा.

पुढच्या एप्रिलमध्ये हे तीनही कढीपत्ते मला याच टेबलावर हवेत, पानांसकट.